घराच्या कागदांमधलं पहिलं पान : अमेरिका पश्चिमेकडे सरकली तेव्हा

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही टल्सात (ओक्लाहोमा राज्य) घर घेतलं. इथे व्यवहार पक्का व्हायच्या आधी वकील जमिनीचे सगळे जुने कागद तपासतो. खरेदीखतं, गहाणखतं, वारसांच्या नोंदी, कोर्टाचे हुकूम, सगळं एका गठ्ठ्यात. त्याला अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणतात. आपला सातबारा, सगळे फेरफार आणि इंडेक्स टू एकत्र शिवले तर जे होईल तसं. आमच्यासाठी वकिलाचं एका पानाचं मत पुरेसं होतं, पण मी गठ्ठा मागून घेतला. माझे बाबा खामगावकडचे कापूसवाले शेतकरी. कागद हातात आला की ते शेवटचं पान बघत नाहीत. "आंधी कोनाचं होतं ते पाय," म्हणतात.

म्हणून पहिलं पान उघडलं. जमीन देणार : मस्कोगी (क्रीक) नेशन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळच्या एका जमातीचं स्वतःचं सरकार. सही त्यांचे प्रमुख प्लेझंट पोर्टर यांची. घेणार : एक मुलगी, वय वर्षं ४. क्षेत्र १६० एकर. दुसऱ्या पानावर जिल्हा न्यायालयाने नेमलेल्या पालकाने त्याच मुलीच्या वतीने केलेली विक्री. तिसऱ्यापासून तेलाचे भाडेपट्टे, मग बिल्डर, मग प्लॉट पाडल्याचा नकाशा, आणि खूप पानांनंतर आमचे १० गुंठे.

त्या मुलीचं नाव मी इथे लिहीत नाही. तिची माणसं याच भागात असतील.

शाळेच्या पुस्तकात अमेरिकेच्या विस्ताराचा एक रंगीत नकाशा असतो, तो आठवत असेल. १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियाना, देश एका सहीत दुप्पट. १८४५ ला टेक्सस, १८४६ ला ओरेगॉन, १८४८ ला मेक्सिकोशी लढून कॅलिफोर्नियापर्यंतचा सगळा पट्टा. एकेक रंग भरत जातो आणि देश मोठा होत जातो. मलाही तो नकाशा तसाच पाठ होता. त्या रंगांच्या खाली आधीपासून माणसं राहत होती, त्यांची गावं, शेतं, पंचायती होत्या, हे मला घराच्या कागदांनी सांगितलं.

क्रीक लोक मुळात ओक्लाहोमाचे नाहीतच. ते अलाबामा आणि जॉर्जियाचे. मक्याची शेती करणारे, नदीकाठी वसलेली गावं असणारे. १८१४ मध्ये अँड्र्यू जॅक्सनने फोर्ट जॅक्सनच्या तहात त्यांच्याकडून २ कोटींहून जास्त एकर जमीन लिहून घेतली. युद्धात जे क्रीक जॅक्सनच्या बाजूने लढले होते त्यांचीही गेली. हाच जॅक्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १८३० मध्ये इंडियन (म्हणजे अमेरिकेतल्या मूळच्या) लोकांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा त्याने करून घेतला. १८३६ मध्ये लष्कराने हजारो क्रीक कुटुंबांना इथे आणून सोडलं. चेरोकी या दुसऱ्या जमातीचं १८३८-३९ मध्ये झालं, ती 'अश्रूंची वाट' बहुतेकांना ऐकून माहीत असते. सुमारे १६ हजार माणसं निघाली आणि साधारण ४ हजार दगावली, असा अंदाज नेहमी दिला जातो. या चेरोकींची स्वतःची लिपी होती, १८२८ पासून वर्तमानपत्र निघत होतं, आणि १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकालही दिला होता. तरी त्यांना जावं लागलं.

इथली जमीन तहाने कायमची त्यांची झाली होती. यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये, क्रीकांकडून पश्चिमेकडचा अर्धा भाग, ३२ लाखांवर एकर, एकरी ३० सेंट दराने घेतला. उरलेली जमीन सगळ्या समाजाची सामायिक होती. मग ती माणशी १६० एकरांत वाटून टाकली. वाटून दिली की प्रत्येक तुकड्याला एक मालक होतो, आणि एकटा मालक विकू शकतो. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हा कागदोपत्री सगळं रीतसर होतं.

माझ्या गठ्ठ्यातही सगळं रीतसर आहे. प्रत्येक पानावर शिक्का आहे. ते वाचल्यापासून मला झोप नीट लागत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा हा इतिहास वाचलेल्या मंडळींनी आपापलं लिहावं, ही विनंती.

---

शरयू_कोथरूड

पऱ्हाटीताई, फार मनापासून लिहिलंय. चार वर्षांच्या मुलीच्या नावावर १६० एकर आणि तिच्याच नावाने विक्री, हे वाचून अंगावर काटा आला. पुढेही लिहा.

---

दर्यावर्दी

लेख चांगला आहे, पण माझा एक वेगळा मुद्दा आहे. रागावू नका.

मी १८ वर्षं मिनेसोटात आहे. माझ्या शेजारच्या आजींचे पणजोबा नॉर्वेहून आले, खिशात काही नव्हतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने त्यांना १६० एकर मिळाले. सगळी मिळून १८ डॉलर फी, आणि पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची. एकट्या बाईलाही अर्ज करता येत होता, पुढे गुलामगिरीतून सुटलेल्यांनाही. सुमारे १६ लाख अर्जदारांना अशी जमीन मिळाली, एकूण २७ कोटी एकर. युरोपात जो माणूस सात पिढ्या जमीनदाराच्या शेतात राबला असता, तो इथे स्वतःच्या बांधावर उभा राहिला. त्याच वर्षी मॉरिल कायदा झाला आणि राज्यांना शेतकी व तांत्रिक कॉलेजांसाठी जमिनी मिळाल्या. आपली किती मुलं त्या विद्यापीठांत शिकली! जगाला गहू पुरवणारा देश या विस्तारातून उभा राहिला. या बाजूलाही न्याय द्यायला हवा.

---

पऱ्हाटी

दर्यावर्दी, रागवायचं काही कारणच नाही. तुमच्या शेजारच्या आजींच्या पणजोबांनी घाम गाळला, ते खरंच आहे. माझ्या आजोबांनीही दोन एकर घ्यायला आयुष्य घातलं, त्यामुळे स्वतःच्या बांधाची किंमत मला कळते.

मी फक्त ते २७ कोटी एकर आले कुठून, एवढं विचारते. १८८७ मध्ये इंडियन समाजांकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर उरले होते. त्या वर्षी डॉज कायदा आला, सामायिक जमिनी वाटल्या गेल्या, 'जास्तीची' म्हणून उरलेली जमीन बाहेरच्यांना खुली झाली. १९३४ पर्यंत राहिले ४ कोटी ८० लाख. गरीब माणसाला जमीन देणं चांगलंच. पण सरकारने ती स्वतःच्या खिशातून दिली नाही.

कॉलेजांचं मी नाकारत नाही. त्या कॉलेजांसाठी विकलेली जमीनही याच खात्यातली होती.

---

मोजणीदार

भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षं मोजणी केली, आता निवृत्त आहे. या विषयात मला बोलण्यासारखं थोडं आहे.

अमेरिकेचा विस्तार बंदुकीने झाला असं म्हणतात. माझ्या मते मोजणीच्या साखळीने जास्त झाला. १७८५ मध्ये त्यांनी ओहायो नदीपासून मोजणी सुरू केली. सहा मैल गुणिले सहा मैल असा चौकोन, त्याला टाउनशिप. त्याचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. त्यातला १६ नंबरचा शाळेसाठी राखून ठेवलेला. सेक्शनचा पाव म्हणजे १६० एकर. ताईंच्या कागदातले १६० आणि होमस्टेडचे १६० एकच, ते इथून आले. डोंगर असो, ओढा असो, कोणाची स्मशानभूमी असो, रेघ सरळ जाणार. आपल्याकडचे सर्व्हे नंबर बघा, ते बांधाप्रमाणे, नाल्याप्रमाणे वाकडेतिकडे आहेत, कारण शेत आधी होतं आणि मोजणी मागून आली. तिथे मोजणी आधी आणि शेत नंतर. जी जमीन कोणी कसत नाही असं धरून चालतात, तिचीच अशी मोजणी होते.

त्यांची साखळी ६६ फुटांची. १० चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपली शंकू साखळी तिच्या बरोबर निम्मी, ३३ फूट, १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे गुंठा. दोन्हीचं मूळ इंग्रजी एकरात. तुमच्या ओक्लाहोमात आणि माझ्या इंदापूरमध्ये एकच माप फिरलं. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांची मोजणी-जमाबंदी इंदापुरात १८३६ च्या सुमारास लागू झाली, आणि ताईंनी दिलेलं क्रीक लोकांचं वर्षही तेच. वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

ताई, तुमच्या गावातले मोठे रस्ते मैलामैलावर आहेत का, ते बघून सांगा.

---

पऱ्हाटी

काका, अगदी बरोबर! ५१वा रस्ता, ६१वा, ७१वा, ८१वा, प्रत्येकात एक मैल. मी रोज त्या रेघांवरून गाडी चालवते आणि त्या सेक्शनच्या रेघा आहेत हे आज तुमच्यामुळे कळलं. आमचं घर त्या मुलीच्या पाव सेक्शनच्या ईशान्य कोपऱ्यात येतं.

---

गौरी_फ्रीमाँट

मी कॅलिफोर्नियातून लिहिते. इथली तारीख एकच लक्षात ठेवा : २४ जानेवारी १८४८, सटरच्या गिरणीजवळ सोनं सापडलं. नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारीला, मेक्सिकोने हा मुलूख अमेरिकेला देणाऱ्या तहावर सही केली. सह्या करणाऱ्यांना सोन्याची बातमी अजून पोचलेली नव्हती. इथल्या मूळच्या लोकांची संख्या तेव्हा दीड लाखाच्या आसपास धरतात, १८७० मध्ये ती ३० हजार उरली होती. रोगांनी गेले, उपासमारीने गेले, आणि राज्याच्या पैशाने उभारलेल्या टोळ्यांनीही मारले गेले.

मला लिहायचंय ते मात्र रेल्वेबद्दल. सुट्टीत मुलांना सिएरा नेवाडाच्या घाटात घेऊन गेले होते. डॉनर खिंडीजवळ जुन्या रेल्वेचा बोगदा आहे, सुमारे १,६६० फुटांचा, कठीण ग्रॅनाइटमध्ये. सुरुवातीला दिवसाला जेमतेम फूटभर पुढे सरकायचा. तो चिनी मजुरांनी फोडला. सेंट्रल पॅसिफिक कंपनीकडे असे १० हजारांवर चिनी मजूर होते. जून १८६७ मध्ये त्यांनी गोऱ्यांइतका पगार आणि बोगद्यात कमी तास मागितले, काम थांबवलं. कंपनीने त्यांचं अन्नधान्य अडवलं. आठवड्याभरात संप मोडला.

१० मे १८६९ ला यूटामध्ये दोन्हीकडचे रूळ जोडले. न्यूयॉर्कहून इथवर यायला महिने लागायचे, ते आठवड्यावर आलं. त्याच्या काही दिवस आधी, २८ एप्रिलला, एका दिवसात १० मैल रूळ टाकले होते. रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावं कंपनीने नोंदवून ठेवली. त्या दिवशी हजारो चिनी मजूरही राबत होते. त्यांच्या नावांची अशी नोंद नाही. आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी घालणारा कायदा झाला.

त्या बोगद्यात भिंतीवर हात ठेवला की छिन्नीच्या खुणा लागतात. माझा मुलगा बराच वेळ तिथून हलला नाही.

---

नागरिकशास्त्र

विस्ताराचा देशावर काय परिणाम झाला, याचं सगळ्यात मोठं उत्तर अजून आलं नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. प्रत्येक नवा मुलूख आला की एकच प्रश्न उभा राहायचा : इथे गुलाम ठेवता येतील की नाही? १८२० मध्ये नकाशावर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ मारून तो पुढे ढकलला. १८५० मध्ये कॅलिफोर्निया बिनगुलामीचं राज्य झालं, त्या बदल्यात पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कडक कायदा आला. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्काच्या वेळी ठरवलं की तिथले रहिवासी मतदानाने ठरवतील. दोन्हीकडचे लोक बंदुका घेऊन कॅन्ससमध्ये घुसले. सात वर्षांत देश युद्धात. पश्चिम नसती, तर उत्तर आणि दक्षिण कदाचित आणखी बरीच वर्षं एकमेकांना सांभाळून घेत राहिली असती.

---

अडत्या

वरच्या प्रतिसादाला जोडून. पऱ्हाटी (कापसाचं झाड) हे नाव घेतलेल्या ताईंना हे सांगायलाच हवं.

क्रीक लोकांना अलाबामातून काढलं ते कशासाठी? तिथल्या काळ्या मातीसाठी. त्या पट्ट्याला आजही 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात. आपल्या वऱ्हाडातल्या काळीसारखीच कापसाची जमीन. १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र निघालं होतं आणि मँचेस्टरच्या गिरण्या कापूस मागत होत्या. जमीन मोकळी केली, मग कसायला माणसं हवीत, म्हणून व्हर्जिनिया-मेरीलँडकडचे सुमारे १० लाख गुलाम, आईपासून मूल तोडून, दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे नेले. १८६० मध्ये गुलामांची संख्या ४० लाखांजवळ पोचली होती. इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेचा होता.

१८६१ मध्ये युद्ध पेटलं, बंदरं अडली, आणि गिरण्यांनी तोंड वळवलं आपल्याकडे. मुंबईत पैशाचा पूर आला. व्यापारी प्रेमचंद रायचंद, बॅकबेच्या कंपन्या, समुद्र बुजवायच्या योजना, सगळं त्या चार वर्षांतलं. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. राजाबाई टॉवरला प्रेमचंदांनी पैसे दिले ते याच तेजीच्या काळात.

पण कापसाची चटक राहिली. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. आणि दख्खनेत ज्या कुणब्यांनी तेजीत कर्ज काढलं, त्यांच्या मानेवर भाव पडल्यावर शेतसारा आणि व्याज दोन्ही बसले. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांची खतं जाळली. दंगलीला इतर कारणंही होती, पण त्या धाग्याचं एक टोक अलाबामात आहे.

---

पऱ्हाटी

अडत्या, तुमचा प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचला आणि बाबांना फोन करून वाचून दाखवला. आमच्या घरात पणजोबांपासून कापूस आहे. तो गावात रेल्वेमुळे वाढला एवढंच आम्हाला माहीत. ज्या लोकांची जमीन कापसासाठी गेली, त्यांच्याच लेकीच्या जमिनीवर मी कापसाच्या पैशावर शिकून घर घेतलं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग आपून नातेवाईकच झालो."

एक गोष्ट मात्र लपवू नये. क्रीकांमधल्या काही श्रीमंतांकडेही काळे गुलाम होते, ते त्यांनी इकडे येताना सोबत आणले. १८६६ च्या तहाने ते मोकळे झाले आणि समाजाचे नागरिक ठरले. वाटपाच्या वेळी त्यांची यादी वेगळी केली, पण जमीन त्यांनाही मिळाली. त्यांच्यातल्या सारा रेक्टर या मुलीच्या वाट्याला खडकाळ तुकडा आला आणि १९१३ मध्ये त्यात तेल लागलं. अशा मुलांचे पालक व्हायला न्यायालयात रांगा लागत. १९०८ च्या कायद्याने अल्पवयीन मुलांची जमीन जिल्हा न्यायालयांच्या हाती गेली होती. माझ्या गठ्ठ्यातलं दुसरं पान याच वाटेने आलं.

---

टेकडी

एक साधा प्रश्न. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व ओक्लाहोमाचा मोठा भाग अजून क्रीकांचंच आरक्षित क्षेत्र आहे असं म्हटलं ना? मग तुमच्या घराचं काय? दक्षिण डकोटात ब्लॅक हिल्सचा १९८० चा निकाल माहीत आहे. सोनं सापडलं म्हणून तह मोडून सू लोकांचे डोंगर घेतले होते, न्यायालयाने ते मान्य करून १० कोटींवर डॉलर भरपाई ठरवली. सू लोकांनी आजतागायत ते पैसे उचललेले नाहीत. त्यांना डोंगर हवेत.

---

पऱ्हाटी

घराला काही होत नाही. तो मॅकगर्ट खटला फौजदारी अधिकाराचा होता : आरक्षित क्षेत्रात इंडियन माणसावर गंभीर गुन्ह्याचा खटला राज्याने चालवायचा की केंद्राने. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की संसदेने हे क्षेत्र कधीच रद्द केलेलं नाही, त्यामुळे ते आहे. खाजगी मालकी बदलली नाही. निकालाची सुरुवातच अशी आहे की अश्रूंच्या वाटेच्या पलीकडच्या टोकाला एक वचन होतं. वकिलाने मला हे सगळं दोन मिनिटांत समजावलं, कारण घर घेणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो म्हणे. सू लोकांचं माहीत नव्हतं. वाचते.

---

रानवाटा

जमिनीचं काय झालं, तेही कोणीतरी लिहायला हवं. ओसेज टेकड्या टल्साहून फार लांब नाहीत, तिथे जुन्या उंच गवताचं राखीव माळरान आहे. मी शरद ऋतूत गेले होते, गवत माझ्या डोक्याच्या वर. असं माळरान एके काळी टेक्ससपासून कॅनडापर्यंत होतं, आता चार टक्केही उरलं नाही. बायसन कोटींच्या संख्येत होते, बहुधा तीन कोटी, ते १८८० च्या दशकाअखेर हजाराच्या खाली आले. कातड्यासाठी मारले, आणि ते संपले की मैदानातल्या जमाती उपाशी पडून शरण येतील हेही लष्करातल्या अनेकांना हवंच होतं. १८७४ च्या पेटंटनंतर काटेरी तार सगळीकडे पसरली. मग पश्चिमेकडच्या कोरड्या भागातही नांगर फिरला. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव होता. नांगर फिरला की पाऊस मागे येतो, अशी एकोणिसाव्या शतकात समजूत पसरली होती. पाऊस आला नाही. १४ एप्रिल १९३५ ला धुळीच्या भिंतीने भर दिवसा अंधार झाला. मुळांनी धरून ठेवलेली माती उडून गेली.

---

दर्यावर्दी

सगळे प्रतिसाद वाचले. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही, ती नॉर्वेजियन माणसं मला अजूनही प्रिय आहेत. पण काल शेजारच्या आजींना विचारलं की त्यांच्या शेतावर आधी कोण होतं. त्या म्हणाल्या, डकोटा लोक. पणजोबांना नांगरताना दगडी बाणाची टोकं सापडायची, ती अजून एका डब्यात घरात आहेत. डबा उघडून दाखवला. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

---

पऱ्हाटी

दर्यावर्दी, हे लिहिलंत म्हणून आभार.

रविवारी आम्ही काउन्सिल ओकपाशी गेलो होतो. शहराच्या मध्याजवळ एका लहानशा बागेत ओकचं जुनं झाड आहे. १८३६ मध्ये लोचापोका गावचे क्रीक इथे पोचले तेव्हा अलाबामातल्या आपल्या चुलीची राख सोबत घेऊन आले होते. ती या झाडाखाली ठेवून त्यांनी नवा अग्नी पेटवला आणि गाव वसवलं. टल्सा हे नावही त्यांच्या तिकडच्या गावाचं, अर्थ 'जुनं गाव'. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिने झाडाला मिठी मारायचा प्रयत्न केला, हात पुरले नाहीत.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला होता. त्यांनी आधी माती दाखवायला सांगितली. "काळी नाई वाटत," म्हणाले. मग विचारलं, "त्या पोरीच्या घरचे कुठी गेले मंग?"

मला सांगता आलं नाही. वाटपाच्या याद्या सगळ्यांना बघता येतात. त्यात तिचं कार्ड मिळालं, आईवडिलांची नावं आहेत, दोन भाऊ आहेत. क्रीक नेशनची राजधानी ओकमल्गी इथून गाडीने तासाभरावर आहे. तिथे १८७८ मध्ये बांधलेली त्यांची दगडी पंचायत-इमारत अजून उभी आहे. शनिवारी जाणार आहे, गठ्ठ्याच्या पहिल्या पानाची प्रत घेऊन.

मोजणीदार काका, प्लॉटचा नकाशा स्कॅन केलाय. पाव सेक्शनच्या कोपऱ्यावर एक छोटी खूण आहे, ती कशाची ते कळत नाही. उद्या इथे टाकते, बघून सांगा.